छातीवरचं पाऊल

२ फेब्रुवारी, रविवार

पोहोचलो एकदाचा. चांगी विमानतळावर सगळं इतक्या पटापट उरकलं की बाहेर येऊन मीच गोंधळलो. पुण्यात याहून जास्त वेळ रिक्षा मिळायला लागतो. संजीव घ्यायला आला होता. हा माझा कॉलेजचा मित्र, वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. क्लेमेंटीतल्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक खोली त्याने मला दिली आहे. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडकीबाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळत घातलेत. खाली हॉकर सेंटर आहे, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्वस्त गाळे. संध्याकाळी तिथे बसून भात आणि तळलेला मासा खाल्ला, आणि मनात म्हटलं, जमेल इथे.

उद्यापासून जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये रुजू व्हायचं. पिंपरीत जे करत होतो तेच, फक्त पाइप मोठे.

माझी बायको स्नेहल आणि आमची मुलगी इकू एप्रिलमध्ये येतील, त्यांचे इथे राहायचे पास झाले की. स्नेहल निघताना म्हणाली, रोज थोडं लिहून ठेव, आम्ही आलो की वाचून दाखव. म्हणून हे फोनमध्ये लिहितोय. इकू, तुझ्यासाठी: इथे बसला दोन मजले असतात. आपण वर पुढे बसायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीची बस, गेटवर पास, मग दिवसभर फोनही जवळ नाही. माणसं चांगली आहेत. डबा खाताना सगळे एकमेकांच्या डब्यात बघतात, ते अगदी आपल्यासारखंच.

आज व्हिडिओ कॉलवर इकूने कॅमेऱ्यावर पाय ठेवला आणि मी शर्ट उघडून छाती पुढे केली. हा आमचा रोजचा खेळ. ती सातव्या महिन्यातच जन्मली. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. आम्हाला नुसतं बाहेरून बघायची परवानगी. तेव्हा एका नर्सने तिच्या डाव्या पावलाचा शाईचा ठसा कागदावर घेऊन मला दिला. माझ्या अंगठ्याएवढा. तिला घरी आणलं त्या आठवड्यात मी तो जसाच्या तसा छातीवर गोंदवून घेतला, हृदयाच्या बाजूला. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, मुलीचं नाव मी एकता ठेवलं ते पुरेसं नव्हतं का. इकूला मात्र तो ठसा स्वतःच्या मालकीचा वाटतो. झोपताना त्यावर पाय लावून बघायची आणि म्हणायची, "पप्पा, माझा पाय मोठा झाला. तुझ्याकडचा बारकाच राहिला."

फोन ठेवल्यावर बराच वेळ शर्टाची बटणं तशीच उघडी ठेवून बसलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळ्याचाच वैताग आलाय.

स्नेहलच्या पासचं काम अडकलं. लग्नाच्या दाखल्यावर तिच्या नावात एक इंग्रजी अक्षर जास्त आहे, म्हणून सगळं परत पाठवा. तिघांसाठी घर शोधतोय तर एजंट पहिला प्रश्न विचारतो, इंडियन का, घरात फोडणी वगैरे रोज देणार का. मी हो म्हणतो आणि मग त्याचं उत्तर येत नाही. पाठ धरली आहे. झोप म्हणाल तर नाहीच. डोळे मिटले की इकूचा आवाज येतो आणि मी उठून बसतो.

संजीव म्हणाला, जपानी पद्धतीचं गरम पाण्याचं स्नान कर, इथले लोक त्यावर फार विश्वास ठेवतात. काल गेलो. कपडे काढून कपाटात ठेवले, इतक्यात तिथल्या माणसाने छातीकडे बोट दाखवलं. टॅटू चालत नाही. म्हणे जपानमध्ये पूर्वी गुंड लोक गोंदवायचे. मी म्हटलं, अहो, हे तान्ह्या बाळाचं पाऊल आहे. तो वाकून वाकून माफी मागत राहिला आणि मला बाहेर काढलं. इतक्या नम्रपणे कुणी आजवर माझा अपमान केला नव्हता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिथे म्हणाले, वर चिकटपट्टी लावा. लावली, तर वाफेने सुटली आणि पुन्हा बाहेर. सोमवारपासून पाठीमुळे खुर्चीत नीट बसता येत नाही. प्लांटमध्ये दोनदा लोकांवर उगाच ओरडलो.

संजीवने चिडून शोध घेतला आणि एक जागा सापडली. युकागे नाव. पश्चिमेला एका जुन्या मॉलच्या गच्चीवर, उघड्यावरचं कुंड. त्यांच्या पानावर अगदी वरच लिहिलंय की अंगावर टॅटू असणाऱ्यांचं इथे विशेष स्वागत आहे.

१ मार्च, शनिवार

युकागेला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

काउंटरवरच्या मुलीने टॅटू आहे का विचारलं. मी भांडायच्या तयारीनेच हो म्हटलं, तर तिचा चेहरा खुलला. कुठे आहे, केवढा आहे, कशाचा आहे, सगळं विचारलं. मुलीचं पाऊल म्हटल्यावर म्हणाली, फार छान, फार छान.

आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, आजोळच्या मोरीत बसल्यासारखं. मग डोक्यावर छोटा टॉवेल ठेवून नागड्यानेच बाहेर गच्चीवर जायचं. पहिली पाच मिनिटं लाजेने कुठे बघावं कळेना. मग लक्षात आलं की कुणीच कुणाकडे बघत नाही. काळ्या दगडाचं कुंड, भोवती बांबूची दाट रांग, वर उघडं आभाळ. बाहेर मुळात तेहतीस डिग्री, त्यात उकळतं पाणी. शिरताना वाटलं आपण मूर्ख आहोत. मग पाणी छातीपर्यंत आलं, आणि महिनाभर पाठीत जे आवळून बसलं होतं ते सुटलं.

शेजारी टिओ नावाचे साठीचे गृहस्थ होते. त्यांच्या पाठीवर ड्रॅगन आहे, म्हणजे त्याचं डोकं आणि पंजे. मधलं अंग पुसट झालंय. दंडावर निळसर डाग होता. मी विचारलं तर हसले. "काहीतरी होतं लिहिलेलं. तरुणपणी माणूस काय काय करतो, लाह." हे लाह इथे वाक्याच्या शेपटाला लावतात.

बाहेर पडताना लॉबीत एक वयस्कर बाई त्यांची छत्री घेऊन उभी होती. टिओंनी "थँक यू, आंटी" म्हणून छत्री घेतली आणि ते एकटेच एमआरटीकडे, म्हणजे इथल्या मेट्रोकडे, गेले. ती मागोमाग चालत राहिली. मला वाटलं इथली कामवाली असेल.

घरी येऊन पडलो तो सकाळीच जाग आली.

५ मार्च, बुधवार

परत गेलो. ऑफिसच्या बसमधून उतरून थेट. हलकं वाटतं. आज इकूचा फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच सरळ जेवायला बसलो. स्नेहल म्हणाली, बरा दिसतोयस. खरंच बरा आहे.

११ मार्च, मंगळवार

आता दर दोन दिवसांनी जातो. आज आरशात बघितलं तर टॅटूची टाच फिकी झाली आहे. करंगळीचा ठिपका तर दिसतच नाही. काउंटरवर सांगितलं. ती म्हणाली, उन्हाने होतं, सर. मी म्हटलं, माझ्या छातीला ऊन कुठून लागणार. ती हसली आणि तिने मला थंड बार्लीचं पाणी दिलं. चिडायचं राहून गेलं. तिथे चिडता येतच नाही, हीच एक अडचण आहे.

काल व्हिडिओ कॉल घ्यायचा राहिला.

१८ मार्च, मंगळवार

स्नेहल आज चिडली होती. इकू कॅमेऱ्यावर पाय ठेवून वाट बघत बसली आणि मी विचारलं, हे काय चाललंय, पाय बाजूला घे, चेहरा दिसत नाही. इकू रडायला लागली. स्नेहल म्हणाली, "रत्नदीप, अरे रोजचा खेळ आहे तुमचा." मी म्हटलं दमलोय. ती म्हणाली, दमलास तर सांग, पण असं परक्यासारखं बोलू नकोस.

फोन ठेवल्यावर मी आठवत बसलो. कसला खेळ? शेवटी इथेच मागे जाऊन वाचलं. ८ फेब्रुवारी. वाचताना दुसऱ्याच माणसाची गोष्ट वाचतोय असं वाटलं. काचेची पेटी. नर्स. मी तिथे होतो हे मला माहीत आहे. पण दिसत काही नाही.

पाचपैकी दोन बोटं उरलीत.

१९ मार्च, बुधवार

युकागेच्या मॅनेजरला भेटलो. काळा कोट घातलेली तरुण बाई. शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, तुमच्या पाण्यात काय रसायन आहे ते सांगा, मी केमिकल इंजिनिअर आहे, मला कळेल. ती म्हणाली, पाणी साधं आहे, दर आठवड्याला तपासणी होते. मी म्हटलं, माझा टॅटू पुसत चाललाय, आणि टॅटूबरोबर अजून काहीतरी जातंय. ती म्हणाली, "काय जातंय, सर?"

 मुलगी आठवत नाही असं एखाद्या अनोळखी बाईला कसं सांगायचं?

"आमच्याकडे अशी तक्रार कधीच आलेली नाही," ती म्हणाली. "लोक इथून समाधानाने जातात. तुम्हालाही झोप लागते ना आता?"

पुढच्या वेळेसाठी मोफत प्रवेश देऊ केला. मी तो नाकारला. इतका राग आला होता की खाली येऊन चुकीच्या बसमध्ये चढलो.

संजीव म्हणतो, टॅटू फिका होतो रे, स्वस्तातला असेल. स्ट्रेस आहे तुला. एकटा राहिलास की असं होतं.

२३ मार्च, रविवार

युकागेच्या लॉबीत ती छत्रीवाली बाई बसली होती. मी पाण्यात उतरणार नव्हतो, फक्त टिओंना विचारायचं होतं. ते आत होते. मी तिच्याजवळ बसलो. ती स्वतःहूनच बोलली.

"मी त्याची बायको," ती म्हणाली. "दंडावर माझं नाव होतं. लग्नाआधी लिहून घेतलेलं."

मी म्हटलं, त्यांचं वय झालंय, विसरत असतील.

"डॉक्टरही तेच म्हणाला. पण त्याला बँकेचा नंबर आठवतो. शाळेतल्या मास्तरांची नावं आठवतात. फक्त मी नाही." तिने छत्री मांडीवर सारखी केली. "घरात राहू देत नाही मला. कोण बाई म्हणतो. मुलाकडे राहते मी. इथे येतो तेवढाच दिसतो. बाहेर आला की एमआरटीपर्यंत त्याच्या मागे चालते."

मी विचारलं, थांबवत का नाही त्यांना? तिने छत्रीचा पट्टा बांधला. मग म्हणाली, "थांबवून काय मिळणार आता? पूर्वी फार चिडका होता. आता हसतो."

टिओ बाहेर आले. तिने छत्री पुढे केली. थँक यू, आंटी.

पुन्हा कधीही इथे यायचं नाही.

२९ मार्च, शनिवार

छाती कोरी आहे. शेवटचं बोटही गेलं. पाण्याला शिवलोही नाही तरी गेलं. सुरू झालं की थांबत नसावं.

सगळे फोटो बघितले. ही मुलगी गोड आहे. पुढचे दोन दात पडलेत. एका फोटोत ती माझ्या पोटावर झोपली आहे आणि मी हसतोय. माझ्याकडे बघून वाटतं, या माणसाला कितीतरी माहीत आहे.

मी दुष्ट माणूस नाही. मला स्नेहल आठवते. आबा आठवतात, पिंपरीचं घर, शेजाऱ्यांचं कुत्रंसुद्धा. घरात एक पलंग छोटा आहे हेही आठवतं. त्यावर कोण झोपायचं तेवढी जागा रिकामी आहे.

३० मार्च, रविवार

लिटिल इंडियात एका टॅटूवाल्याकडे गेलो. फोनमधला जुना फोटो दाखवला. त्याने तासाभरात तसंच पाऊल पुन्हा काढून दिलं. काम चांगलं आहे, सगळी बोटं आहेत.

काही झालं नाही. पाऊल आहे. कुणाचं तरी.

५ एप्रिल, शनिवार

पास झाले. बारा तारखेला येतायत. बून ले भागात घर मिळालं, मालकीणबाईंना फोडणीचं काही वाटत नाही. ज्या गोष्टींसाठी दोन महिने डोकं फोडलं त्या सगळ्या या आठवड्यात झाल्या.

आज शेवटचा उपाय म्हणून युकागेला गेलो. जे गेलंय ते पाण्यातच असणार, असं माझं गणित. भर दुपारी गेलो, ऊन थेट कुंडात पडत होतं. वाफ कमी होती आणि तळ दिसला.

तळाच्या दगडात चित्रं आहेत. आधी वाटलं कोरलेली नक्षी. मग ओळखू यायला लागलं. मासे, कमळं, चिनी अक्षरं, तमिळ अक्षरं, एका बाईचा चेहरा, तारखा, कुणाच्या तरी कुत्र्याचं तोंड. एकावर एक, काठापासून काठापर्यंत. ड्रॅगनचं मधलं अंग. आणि माझ्या नेहमीच्या जागेच्या खाली अंगठ्याएवढं डावं पाऊल.

बुडी मारून नखांनी खरवडलं. दगड गुळगुळीत आहे. शाई दगडाच्या आत आहे. श्वास संपेपर्यंत खरवडत होतो. बोटांतून रक्त आलं. वर आलो तर सगळे जण माझ्याकडे बघून हसत होते, अगदी प्रेमाने. टिओसुद्धा. त्यांच्या पाठीवरचं ड्रॅगनचं डोकंही गेलंय आता.

नवा टॅटूही गेला. एका बुडीत.

१२ एप्रिल, शनिवार

आल्या.

मी ठरवलं होतं की कळू द्यायचं नाही. फुगा घेऊन उभा होतो. ती धावत आली आणि अर्ध्यावर थांबली. मी हात पुढे केले होते, हसतही होतो. कुठे चुकलो माहीत नाही. ती वळून आईच्या मागे गेली. स्नेहल म्हणाली, "अगं, पप्पा आहे." मुलगी म्हणाली, "नाही."

टॅक्सीत बसलो. स्नेहलने केस मागे घेतले तेव्हा तिचं मनगट दिसलं. तिथे छोटं पाऊल आहे. उजवं. मी विचारलं, हे केव्हा काढलंस?

तिने मनगट माझ्यासमोर धरलं. "एकाच दिवशी काढलीत, रत्नदीप. एकाच खुर्चीत बसून. आधी तू, मग मी."

१३ एप्रिल, रविवार

सगळं सांगितलं. छाती दाखवली. स्नेहल आधी रडली, मग चिडली. म्हणाली, लेझरने काढून टाकलास आणि आता गोष्टी सांगतोस. मग म्हणाली, तू आजारी आहेस, डॉक्टरकडे जाऊ. मग म्हणाली, मला ती जागा दाखव.

मी नाही म्हटलं. नाही, नाही, नाही. पाया पडलो तिच्या.

१४ एप्रिल

आबांचा सकाळी फोन होता. आज बाबासाहेबांची जयंती, मी विसरलो होतो. आबा जय भीम म्हणाले आणि नातीला बोलाव म्हणाले. मी फोन तिच्या हातात दिला. ती आबांशी खूप हसून बोलली. माझ्याशी नाही.

स्नेहल ऐकत नाही. म्हणते, तुझ्या डोक्यातून हे काढायचं तर मलाच पाण्यात उतरून दाखवावं लागेल. ती शाळेत शिकवायची, भुताखेताचं कुणी बोललं तर तिथल्या तिथे प्रयोग करून दाखवायची. आता तोच हट्ट.

१५ एप्रिल

गेली. मनगटाला पाणी न शिरणारी पट्टी बांधून घेतली, तेवढं माझं ऐकलं. मी मुलीला घेऊन लॉबीत. बाहेर आल्यावर पट्टी सोडून दाखवली. पाऊल जसंच्या तसं.

"बघ," म्हणाली. "आता येशील डॉक्टरकडे?"

हो म्हटलं. मलाही हायसं वाटलं. ती म्हणाली, पाणी मात्र छान आहे रे. किती दिवसांनी पाठ मोकळी झाली.

१८ एप्रिल

मुलीला सकाळचं दूध मी देतो. साखर नाही, थोडी हळद. पपई आवडते, बिया काढून. जिना उतरताना उजवा पाय आधी टाकते. मी सगळं नव्याने शिकतोय. नाव मात्र टिकत नाही, दर वेळी मागे जाऊन वाचतो. काल तिने माझं बोट धरलं रस्ता ओलांडताना, पलीकडे गेल्यावर सोडलं.

आठवत नाही तर नाही. पहिल्यापासून ओळख करून घेता येईल, असं —

स्नेहल रोज रडते. नवं शहर, कुणी ओळखीचं नाही, मुलीला शाळेत जागा नाही, नवरा असा. मी प्लांटवर असतो.

२३ एप्रिल

घरी आलो तर स्नेहलच्या केसांना तो वास. लाकडाचा, ओला. विचारलं. म्हणाली नाही. मग म्हणाली, दोनदाच. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून. "तुला काय माहीत दिवसभर काय असतं मला? तासभर डोकं शांत होतं तिथे. तेवढंही नको का?"

पट्टी?

लावली होती म्हणते. मनगट दाखवत नाही.

२४ एप्रिल

झोपेत बघितलं मनगट. टाच नाही.

२५ एप्रिल

रजा टाकली. तिला घराबाहेर जाऊ देत नाहीये. भांडण. ती म्हणते मी कोंडून ठेवलंय, पोलिसांना बोलावेन. मुलगी टेबलाखाली. मी तिला सांगतो, स्नेहल, तिचं नाव घे, रोज शंभरदा घे, एकता, एकता — ती म्हणते, ओरडू नकोस, डोकं दुखतं, ते मूल घाबरतंय.

ते मूल.

इकू म्हणायची. कालपर्यंत.

२६ एप्रिल

मुलीला पपई आणायला खाली गेलो. दहा मिनिटं. परत आलो तर दार उघडं. मुलगी एकटी, दाराशी बूट घालत होती. म्हणाली, मम्मा गेली, मीपण जाते.

टॅक्सी. युकागे. बायकांच्या बाजूला मला सोडत नाहीत. मॅनेजर म्हणते, सर, कृपया आवाज कमी. मुलीला तरी जाऊ द्या म्हटलं. लहान मुलांना परवानगी नाही. आत कुणाला तरी पाठवा, तिला बाहेर काढा. ती म्हणते, पाहुण्यांना आम्ही घाई करत नाही.

मुलगी माझ्या शेजारी बसली आहे. दुसरं काही करू देत नाहीत म्हणून हे लिहितोय. पोलिसांना फोन केला. म्हणतात, तुमची पत्नी स्वतःच्या मर्जीने गेली आहे का, सर?

बराच वेळ झाला.

मुलीने विचारलं, मम्मा पण विसरणार का?

मी म्हटलं नाही. ती म्हणाली, तू खोटं बोलतोस तेव्हा खाली बघतोस. हे तिला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

पडदा हलला — स्नेहल.

केस ओले. चेहरा किती मोकळा. मला बघून हसली, भांडण काही नाहीच. मुलगी धावली. तिच्या पायांना घट्ट धरलं. स्नेहल वाकली, तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले, हळूच, दुसऱ्याच्या मुलाचे करावेत तसे. मनगट कोरं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रत्नदीप, ही हरवलेली दिसते. हिच्याबरोबर कुणी —"

मुलगी वळून माझ्याकडे बघतेय. आता फक्त मीच. मला सांगायला हवं, माझी आहे, माझ्याबरोबर आहे, पण तिचं नाव — नाव मी वर लिहिलंय, कितीदा लिहिलंय, शोधतोय, ए —